तुफानतात्या आणि कोरलेला बांध

विलास गुरुजी पन्नाशीला आले, तरी गळ्यात चादर बांधून ओट्यावरून उडी मारतात. पडल्यावर गुडघा बघत नाहीत, चादर कशी फुगली ते बघतात. मग आत जाऊन चित्र काढतात. मी शेजारीण, त्यामुळे हे सगळं मला फुकट बघायला मिळतं. एकदा म्हणाले, "आक्का, तुमचं एखादं नऊवारी द्या की. त्याला घोळ चांगला हाय."

"माझं लुगडं पांघरून उडी मारलीत, तर म्या या वस्तीवर ऱ्हायची न्हाय," मी सांगून टाकलं.

गुरुजी अंथुर्ण्याच्या अलीकडं आमच्या वस्तीवरच्या शाळेत शिकवतात. पोरं पुस्तकाला हात लावेनात, म्हणून त्यांनी स्वतःच चौकटीचौकटींतल्या चित्रांचं पुस्तक केलं. त्यातला पराक्रमी माणूस म्हणजे तुफानतात्या. धोतर, चष्मा, पाठीवर उडती चादर. फुटलेला कालवा तो एका हातानं दाबून धरतो. गुरुजींनी बारामतीहून पुस्तकं छापून आणली आणि वर्गात वाटली. आता एक पोर तात्या होतं, एक दुष्ट होतं, बाकीची कालवा होऊन बोंबलतात. माझी दुपारची झोप गेली, पण पोरं वाचतात.

गुरुजींना काहीही विचारा, "ते पुढच्या चौकटीत," म्हणतात. कौलं कधी शाकारणार? पुढच्या चौकटीत. लग्न का नाही केलं? तेही पुढच्या चौकटीत.

घोटाळा झाला तो त्या दुष्टामुळं. तो दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरून आपलं रान वाढवतो. आता आमच्याकडं ज्याला बांध आहे, त्यानं तो कोरलेला आहेच. पोरांनी पुस्तकं घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी तीन बाप्ये शाळेत हजर.

"गुरुजी, ह्यो म्या हाय का?"

"ही दोन नारळाची झाडं माझ्या बांधावरची हायेत!"

"अन् मिशा? मिशा कुणाच्या हायेत मग?"

शाळेच्या मोठ्या बाई घाबरल्या. "लेखी तक्रार द्या, आजच सगळी पुस्तकं गोळा करते," म्हणाल्या. गुरुजींच्या तोंडावरचा रंगच उडाला. मी नातीचा डबा द्यायला गेले होते. मला राहवलं नाही.

"द्या की तक्रार. पण सही कोण करनार? जो करंल, त्यानंच बांध कोरला म्हनून वस्ती समजंल."

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. एकाला उसाचं पाणी चालू असल्याचं आठवलं. दुसऱ्यानं गाडीला किक मारली. तिसरा जाता जाता म्हणाला, "चित्रं तशी बरी हायेत."

पुस्तकं राहिली. गुरुजी तिथंच पायरीवर मटकन बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले. मलाही हलकं वाटलं.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन मी विचारलं, "खरं सांगा, त्यो दुष्ट कोन हाय?"

गुरुजींनी चष्मा पुसला. "आमचे दादा."

पाटाच्या पलीकडं त्यांचा थोरला भाऊ राहतो. बांधावरून दोघांचं बोलणं कधीचंच बंद. भावाची नात मात्र गुरुजींच्याच वर्गात. "पुस्तक त्यांच्या घरात जाईल, एवढंच बघितलं," ते म्हणाले.

मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तुफानतात्या दुष्टाला मारत नाही. दोघं बांधावर बसून भाकरी खातात.

"येवढी चित्रं काढन्यापरीस सरळ जाऊन बोलायचं की!"

"तेवढंच जमत न्हाय, आक्का."

तेवढ्यात कुत्रं भुंकलं. अंगणात दादा उभे, हातात तेच पुस्तक. राम राम नाही, काही नाही.

"इल्या," ते गुरकावले, "माझे कान एवढे मोठ्ठे हायेत का रं?"

गुरुजी धडपडत उठले. "बस की दादा. हितं, उजेडाकडं तोंड करून बस. बघून नीट काढतो."

दादा बसले. गुरुजींनी काढलं, खोडलं, परत काढलं. माणसाचे दोन कान काढायला एवढा वेळ लागत नाही, हे मलासुद्धा कळतं.