बोहनी मोडणारा फोन

‘हिम्मतराव. दक्षिणेतले अग्रगण्य गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू चोवीस तास उघडा.’

‘हाकेवर’ या संकेतस्थळावर गुप्तहेरांच्या सदरात हे एकच नाव होतं. वर्णन हिम्मतरावांनी स्वतःच लिहिलेलं, खालचे पाचही तारे स्वतःच दिलेले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही चोर पकडला नव्हता, पण त्यात दोष चोरांचा, असं त्यांचं म्हणणं.

नीलिमानं त्यांना बोलावलं ते नाइलाजानं. एक तर चुलतसासरे, त्यात पोह्यांवर समाधानी. ‘हाकेवर’ तिचं. सुलतान बाजारातला बांगडीवाला शोधा, नामपल्लीचा घड्याळजी शोधा, बटण दाबलं किंवा साइटवरचा नंबर फिरवला, की थेट दुकानात घंटी. चांगली नोकरी सोडून तिनं हा संसार मांडला होता, आणि आता दुकानदार नावं काढून घ्यायला निघाले होते. ते गेले, की सोमवारी जुन्या साहेबापुढे मान खाली घालून उभं राहणं आलं!

“बेटी, सबेरे शटर उठाया की तुम्हारे नंबर से फोन,” बांगडीवाले कुलदीपशेठ फोनवर कळवळून सांगत होते. “‘दुकान खुली क्या?’ पूछते, मैं ‘हौ’ बोला की रख देते! पहला गिराकच खाली गया तो बोहनी खराब हो जाती ना!”

फोन साइटच्या नंबरावरून फिरून जात असल्यानं करणारा कोण, ते दुकानदाराला दिसत नव्हतं. आणि नीलिमाच्या आलेखावर तर आठवडाभर फोन शून्य. तिनं मनाची समजूत घातली होती, की आलेख बिघडलाय. फोन जातात, त्याअर्थी माणसं येतायत, फक्त मोजली जात नाहीत. या एका आशेवर बिचारी तग धरून होती.

“आवाज कुणाचा?” हिम्मतरावांनी विचारलं.

“बाईचा, म्हणतात.”

“म्हणजे पुरुष. आवाज बदललाय.” त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं. “दरोडेखोर आहेत. कुठलं दुकान उघडं, ते बघतायत.”

“काका, दरोडा बंद दुकानावर घालतात ना?”

“साधे घालतात. हे हुशार आहेत. कुलूप तोडायचे कष्ट नकोत!”

चहा येईपर्यंत दरोडेखोर बाद झाले होते आणि संशय प्रतिस्पर्धी साइटवर होता. दुसऱ्या कपाला खुद्द कुलदीपशेठ आरोपी ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिम्मतराव नीलिमाच्या हॉलमध्ये पडदा ओढून, दुर्बीण समोरच्या इमारतीवर रोखून बसले. मागं नीलिमाच्या सासूबाई, त्रिवेणीबाई, देवपूजा आटोपून घरच्या फोनपाशी टेकल्या.

“हॅलो, दुकान खुली क्या? हां? बरं बरं.”

“वहिनी, जरा हळू,” हिम्मतराव मागं न बघता म्हणाले. “तपास चाललाय.”

“झालंच, दोनच दुकानं उरलीत.”

पोहे घेऊन आलेली नीलिमा दारातच थिजली. “आई! हे तुम्ही करता?”

“रोज करते गं. तुझ्या दुकानदारांना पहिला फोन आपल्या घरातून जावा, म्हणजे त्यांना बरकत.”

“अहो, पण काही न घेता ठेवता! त्यांची बोहनी मोडते!”

“अगंबाई!” त्रिवेणीबाईंनी तोंडावर हात ठेवला.

नीलिमाच्या डोक्यात मात्र दुसराच दिवा पेटला होता. आपलेच फोन मोजून फुशारकी नको, म्हणून घरचा नंबर आलेखातून तिनंच वगळला होता. म्हणजे आलेख ठणठणीत होता. शून्य म्हणजे शून्यच. ती तिथंच खुर्चीत बसून रडली.

“मला पहिल्यापासून वहिनींचाच संशय होता,” हिम्मतराव दुर्बीण पुसत म्हणाले. “म्हणून तर त्यांच्याकडे पाठ करून बसलो. गुन्हेगार बेसावध राहतो.”

“उद्यापासून नाही गं करत,” त्रिवेणीबाई हिरमुसून म्हणाल्या.

नीलिमानं डोळे पुसले. “करा आई. रोज करा. फक्त रिकामा ठेवू नका, काहीतरी मागवत जा.”

रविवारी कुलदीपशेठचा फोन आला. “बेटी, मेरा नाम नक्को निकालो. वो अम्मा क्या जबरदस्त गिराक है! वैसे और दो-चार भेजो ना!”

“बघते,” म्हणून नीलिमानं फोन ठेवला. तिला सासू एकच होती.