अध्यक्षांना ठाऊक आहे

सोमवारी सकाळी वाचनालयाचं कुलूप उघडून ग्रंथपालबाई आत शिरल्या आणि दारातच थबकल्या. बालविभागाच्या कोपऱ्यात, मुलांच्या बुटक्या स्टुलावर, ताटाएवढा गिलाव्याचा तुकडा पडला होता. स्टुलाचा एक पाय मोडला होता. शनिवारी संध्याकाळी त्याच स्टुलावर बसून एक दोन वेण्यांची चिमुरडी राक्षसाची गोष्ट ऐकत होती.

बाई धावतच कोपऱ्यात गेल्या. भिंतीला तळहात लावून पाहिला. भिंत थंडगार, ओली. दीड वर्ष हेच चाललं होतं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप त्या भिंतीच्या आतून खाली यायचा आणि आतल्या आत गळायचा. ओल जिथवर उतरे तिथे बाई पेन्सिलने रेघ मारून तारीख टाकत. पहिली रेघ मारायला शिडी लागली होती, आता स्टूलसुद्धा लागत नव्हतं. ओल थेट पुस्तकांच्या कपाटामागे पोचली होती, आणि ते भरलेलं कपाट त्याच भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलं होतं. शनिवारी पाच वाजता पुन्हा वीस मुलं गोष्ट ऐकायला येणार होती.

अर्ज करून झाले होते. एक नाही, अकरा. ‘विषय : बालविभागाच्या भिंतीस ओल आल्याबाबत.’ पहिल्या दहांना उत्तर एकच: ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे.’ हे ‘पुढे’ नेमकं कुठे असतं, ते बाईंना बत्तीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. अध्यक्षांना तोंडी सांगावं, तर ते म्हणत, “बघू, बघू.” पालथ्या घड्यावर पाणी! घड्यावरचं निदान दिसतं तरी.

वाचनालयाच्या फाटकाशी एक काळा फळा होता. त्यावर रोज सकाळी सुविचार लिहिणं हे बाईंचं काम. ‘वाचाल तर वाचाल’पासून सुरुवात करून बत्तीस वर्षांत जगातलं सगळं शहाणपण त्यांनी त्या फळ्यावर दोनदोनदा लिहून पुसलं होतं. त्या सोमवारी मात्र त्यांच्या डोक्यात सुविचार येईना. रागाच्या भरात त्यांनी लिहिलं:

‘वाचनालयात पाणी मुरतंय. अध्यक्षांना ठाऊक आहे.’

आणि त्या मोडक्या स्टुलाचा पाय दोरीने बांधायला आत निघून गेल्या.

अकराच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे गावातल्या वर्तमानपत्राचा बातमीदार होता.

“बाई, तुमच्या फळ्याचा फोटो सगळीकडे फिरतोय. खरंय का हे?”

“अगदी खरं आहे!” बाईंना हायसं वाटलं. कोणीतरी विचारलं एकदाचं! “स्वतः येऊन बघा.”

“कधीपासून मुरतंय?”

“दीड वर्ष झालं.”

“बाप रे! आणि सुरुवात कुठून?”

“वरूनच. सगळं वरून येतंय, खालपर्यंत पाझरतंय.”

“म्हणजे वरिष्ठांपासून... बरं. पुरावा?”

“आहे ना. तारीखवार नोंदी आहेत माझ्याकडे.”

“आणि मूळ कारण काय, तुमच्या मते?”

“आतली सगळी यंत्रणा कुजलीय हो,” बाई कळवळून म्हणाल्या. “जुनाट पाइप...”

पण ‘पाइप’ या शब्दाआधीच बातमीदाराने फोन ठेवला होता. त्याला घाई होती.

मंगळवारी पहिल्या पानावर छापून आलं: ‘वाचनालयात पाणी मुरतंय! वरपासून खालपर्यंत साखळी. यंत्रणा कुजली, ग्रंथपाल कडाडल्या.’ बाई कडाडताना कशा दिसतात हे कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून शेजारी त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो छापला होता.

बाई वाचनालयात पोचल्या तर फाटकाशी ही गर्दी. वर्षानुवर्षं ज्यांनी आत पाऊल टाकलं नव्हतं ते खिडकीतून डोकावत होते. “कुठे मुरतंय? कुठे?” बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. लोकांनी भिंतीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि समजूतदारपणे माना हलवल्या. “उघड बोलायची चोरी आहे बिचारीला,” एकजण म्हणाला.

मग खाई त्याला खवखवे सुरू झालं. शिपाई हात जोडून पुढे आला. “बाई, रद्दीतली थोडी वर्तमानपत्रं मी घरी नेतो. फडताळात अंथरायला. दुसरं काही नाही, लेकराची शपथ!” पाठोपाठ एक निवृत्त मास्तर आले आणि नऊ वर्षांपूर्वी नेलेली कादंबरी टेबलावर ठेवून, मान खाली घालून निघून गेले. दुपारी स्वतः अध्यक्षच धापा टाकत आले.

“बाई, तुम्हाला त्या खुर्च्यांबद्दल कोणी सांगितलं?”

“कुठल्या खुर्च्या?”

“माझ्या मेव्हण्याच्या दुकानातून घेतलेल्या! अहो, खुर्च्या चांगल्या आहेत!”

“मला खुर्च्यांचं काय घेणंदेणं? मी भिंतीबद्दल लिहिलंय. ओल आहे, ओल!”

अध्यक्षांनी घाम पुसला आणि आवाज खाली आणला. “असं कोड्यात बोलू नका हो. सरळ सांगा, काय हवंय तुम्हाला?”

“पाइप हवाय!” बाई जवळजवळ ओरडल्याच. अध्यक्षांनी ‘पाइप’चा अर्थ काय असावा, याचा विचार करत काढता पाय घेतला.

अकरा अर्जांना दीड वर्षात जे जमलं नव्हतं ते एका फळ्याने दोन दिवसांत केलं. बुधवारी तीन सदस्यांची चौकशी समिती हजर झाली. बाईंचा जीव भांड्यात पडला. समिती आली म्हणजे भिंत बघणारच! समितीने बसायला जागा शोधली, आणि शोधून शोधून बालविभागाचा कोपरा निवडला.

“इथे कसा छान गारवा आहे!” समितीप्रमुख भिंतीला पाठ टेकत म्हणाले.

“साहेब, तो गारवाच तर...”

“बाई, विषयाला फाटे फोडू नका. आधी खुर्च्यांची फाइल आणा.”

दोन दिवस समितीने फायली चाळल्या. समितीप्रमुखांचा शर्ट पाठीवर ओला होत होता, त्यामुळे ते सारखे पंखा वाढवायला सांगत होते. बाई एका जागी ठरत नव्हत्या. टेबलापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून टेबलापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. गुरुवारी संध्याकाळी समिती उठली आणि शुक्रवारी दुपारी अहवाल आला: ‘सखोल चौकशीअंती सदर वाचनालयात कोठेही पाणी मुरत नसल्याचे निष्पन्न झाले आहे.’

त्याला टाचणीने एक कागद लावला होता. बाईंच्या अकराव्या अर्जाचं उत्तर. ‘संदर्भ : चौकशी समितीचा अहवाल. वाचनालयात पाणी मुरत नसल्यामुळे भिंतीच्या दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही.’

बाईंनी भिंतीला हात लावला. पाण्याचा एक ओघळ त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. अहवालात नसलेलं पाणी!

त्या रात्री घरी त्यांनी ताटावर बसून नुसतं अन्न चिवडलं. मग उठून फेऱ्या मारायला लागल्या.

“अगं, बस की जरा एका जागी!” नवरा म्हणाला. “मला चक्कर यायला लागली.”

“बसू कशी? उद्या वीस पोरं येऊन बसतील त्या भिंतीखाली. गोष्ट रद्द केली तरी ती पुस्तकांसाठी त्या कपाटाशी जाणारच. अहो, कपाट कोसळलं तर? एवढा गाजावाजा झाला, सगळं गाव येऊन गेलं, आणि एका माणसाला ओल दिसू नये?”

“ओल कोणाला बघायचीय?” नवऱ्याने जांभई दिली. “लोकांना भिंत नाही बघायची. भिंतीमागचं बघायचं असतं.”

बाई चालता चालता थांबल्या. आठवड्यात पहिल्यांदाच थांबल्या. नवरा त्यांच्याकडे बघून जरा घाबरलाच.

शनिवारी सकाळी सातलाच त्या फाटकाशी होत्या. फळा स्वच्छ पुसला आणि सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं:

‘बालविभागाच्या भिंतीमागे काय आहे, ते मी निवृत्तीनंतरच सांगेन.’

मग आत जाऊन कपाटातली सगळी पुस्तकं त्यांनी एक एक करून खाली काढली, शिपायाला हाताशी घेऊन खिळे उपसले, रिकामं कपाट बाजूला सरकवलं आणि चहा प्यायल्या.

नऊला गर्दी जमली. दहाला बातमीदार कॅमेरा घेऊन आला. साडेदहाला अध्यक्ष आले, आणि त्यांच्यामागे घण घेतलेला गवंडी.

“फोड!” अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं गरजले. “फोड ती भिंत! माझ्यावर डाग नको! काय आहे मागे ते होऊन जाऊ दे!”

“साहेब, परवानगी लागते ना दुरुस्तीला?” बाईंनी अदबीने विचारलं.

“दुरुस्ती कसली? ही तपासणी आहे!”

गवंड्याने घण घातला. दुसऱ्याच घावाला भिंत विरघळल्यासारखी ढासळली आणि पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट अध्यक्षांच्या छातीवर. लोक मागे सरले. कॅमेरा मात्र पुढे आला. पाणी थांबलं तेव्हा भिंतीत एक गंजलेला, चाळणी झालेला पाइप दिसत होता.

गवंड्याने विटा चाचपून पाहिल्या. “साहेब, माती झालीय आतून. आणखी दोन-चार दिवस, की कपाटासकट सगळं खाली आलं असतं. इथे पोरं बसतात म्हणे?”

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्यांना रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती. अध्यक्षांनी ओला सदरा पिळला, कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “प्लंबरला बोलवा. आत्ताच्या आत्ता. मी तर केव्हापासून म्हणतोय.”

पाच वाजता मुलं पलीकडच्या कोपऱ्यात, मेव्हण्याच्या खुर्च्यांवर बसून राक्षसाची गोष्ट ऐकत होती. खुर्च्या खरोखरच चांगल्या होत्या.

रविवारी आतल्या पानावर दोन ओळी आल्या: ‘भिंतीमागे काहीच सापडले नाही. प्रकरण निकाली.’ सोमवारी बाईंना अफवा पसरवल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. वाचनालयाच्या इतिहासात इतक्या तातडीने आलेला तो पहिलाच कागद. बाईंनी हसत सही केली.

सही करून मान वर केली, तर समोर पलीकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या. इकडेतिकडे बघत त्या टेबलावर वाकल्या.

“ताई, आमच्या जिन्याला तडा गेलाय. दोन वर्षं अर्ज करतेय. दोनशे मुली चढउतर करतात हो रोज. तुमच्या फळ्यावर आमच्यासाठी एखादी ओळ...”

“खोटं एक अक्षर लिहायचं नाही मी.”

“छे छे, खोटं नकोच.”

बाईंनी खडू उचलला, जरा विचार केला. “‘शाळेत वर जाण्याचा मार्ग ठीक नाही.’ कसं वाटतं?”

“वा!”

“‘मुख्याध्यापिकांना ठाऊक आहे.’”

मुख्याध्यापिकांचा चेहरा उतरला. “अहो, पण... माझं नाव कशाला त्यात?”

“तुम्हाला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे. पण लोक काय काय बोलतील! चौकशी लागेल, घरी विचारतील...”

“बोलतीलच. तुमच्याकडे बघता बघताच कोणाची तरी नजर जिन्याकडे जाईल. नुसत्या जिन्याकडे कोण बघतं?”

बाहेर शाळेची घंटा झाली. दोनशे मुली धडधडत जिना उतरायला लागल्या, आणि त्या आवाजाला मुख्याध्यापिकांनी दचकून डोळे मिटले. आवाज थांबेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

मग म्हणाल्या, “लिहा. जरा मोठ्या अक्षरात लिहा.”