भास्करकाका आणि मरणाचा दाखला

कुणाविषयी लिहावं एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि आजवर लिहिलं ते परीक्षेतच. चुकलं तर सांभाळून घ्या.

सुरतेच्या डिंडोलीत आमच्या शेजारी राहणारे भास्करकाका आजारी माणसाला भेटायला गेले की तब्येत विचारत नाहीत. "आधार, रेशनकार्ड एका पिशवीत ठेवलं ना? मागून दाखल्याला त्रास नको," असं म्हणून चहा मागतात. माझ्या आजीने एकदा चहाऐवजी चप्पल दाखवली. काका शांतपणे म्हणाले, "रागावू नको, माय. जन्माचा दाखला कोणीपण काढतो. मरणाचा काढून दाखव."

त्यांना स्वतःला तो काढता आला नव्हता. त्यांचे थोरले भाऊ विष्णू सुरतेतून बेपत्ता झाले ते माझ्या जन्माआधी. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. गावाकडे त्यांची म्हातारी आई विष्णूची घागर भरू देत नाही. "जित्ता माणूसनी घागर कशी भरू?" म्हणते.

आईला दाखवायला दाखला हवा म्हणून काका लूमवरची पाळी बुडवून दवाखाना, पोलीस ठाणं, पालिका फिरत. गुजराती वाचायला मला नेत.

"मरण की तारीख बोलो, काका," खिडकीतला कारकून म्हणे.

"ती तुमच्याच कागदावर आहे ना."

"तारीख के बिना कागज कैसे निकालूं?"

बाहेर येऊन काका मला सांगत, "माणसाने घरच्यांना विचारून मरावं, भो. मागच्यांचे हाल होतात."

यंदा मी पोलिसांकडे केलेल्या माहिती अधिकाराच्या अर्जात विष्णूचं नाव न घालता नुसतं आडनाव आणि गाव घातलं. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. विष्णू हरवले त्या वर्षीच्या मृतांत त्या गावचा एकच माणूस सापडला होता. सुरतेजवळ पलसाण्याच्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये वाफेने भाजून मृत्यू, शवविच्छेदन झालेलं, ओळख खिशातल्या मिलच्या कार्डावरून.

नाव लिहिलं होतं भास्कर.

काका कागदाकडे बघत राहिले. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी.

"त्या मिलमध्ये मी होतो," ते म्हणाले. "ताप आला म्हणून गावाला गेलो. माझी जागा जाऊ नये म्हणून मन्हा भाऊ माझ्या कार्डावर, माझ्या नावाने कामाला उभा राहिला असेल. परत आलो तर मिलला कुलूप, ठेकेदार पळालेला. भाऊ तिथे गेला असेल, हे मनातच आलं नाही."

मग म्हणाले, "पुढे वाच."

पुढे एवढंच होतं: वाट पाहूनही कोणी न आल्याने बेवारस म्हणून अंत्यसंस्कार केले.