खुशालभाऊंची बादली आणि मोठं पातेलं

"महिनाभरात खत तयार! वास घेऊन पाहा, अत्तर ठेवान बाजूले!" खुशालभाऊंनी गोंडपिपरीतल्या आपल्या गल्लीत जाहीर करून टाकलं. पुण्याहून त्यांच्या लेकीनं, डिंपलनं, जिवाणूंची बाटली पाठवली होती. ओल्या कचऱ्यावर झाकणभर शिंपडायचं, की आत करोडो मजूर बिनपगारी कामाला लागणार! गल्ली "हो का" म्हणाली आणि आपापल्या घरात गेली. बायको वारल्यापासून भाऊंचं बोलणं सगळे उभ्याउभ्याच ऐकत.

पण एकट्या माणसाचा कचरा तो केवढा! एका कांद्याची सालं आणि चहाचा चोथा. मजूर उपाशी राहतील म्हणून भाऊंनी बादलीत उरलेलं वरण ओतलं, त्यावर अर्धी बाटली, वर तांब्याभर पाणी. झाकण गच्च!

आठवडाही झाला नाही आणि अख्खी गल्ली नाक धरून दारात!

"भाऊ, कोन मेलं तुमच्या घरी?" शेजारचे रामाजी ओरडले.

"कोनी नाई मेलं, खत बनून राह्यलं! या ना, बसा. चाय ठेवतो."

भांडायचंच तर बसून भांडू, म्हणून सगळे बसले. समोरच्या मनकर्णाबाईंनी बादलीत डोकावून कपाळाला हात लावला.

"इतकं पानी? जिवाणू बुडून राह्यले ना, भाऊ! धानाचा कोंडा टाका. रोज हालवा, हवा लागू द्या."

मग रोज संध्याकाळी गल्ली बादली बघायला, म्हणजे भाऊंना बोलणी द्यायला येऊ लागली. सगळ्यांच्या चहासाठी माळ्यावरचं मोठं पातेलं कितीतरी दिवसांनी चुलीवर चढलं. भाऊ शिव्या खात होते आणि गालात हसत होते.

पण घात झाला! कोंड्यानं पाणी ओढलं, हवा खेळली आणि जिवाणूंनी खरंच काम केलं. बादलीत काळंभोर, भुसभुशीत खत! वास म्हणाल तर जंगलातल्या मातीचा.

"जमलं, भाऊ!" रामाजी म्हणाले आणि उभ्याउभ्याच गेले.

दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही. पातेल्यातल्या चहावर साय धरली. भाऊंना अगदी रडू आलं.

सकाळी जन्माचे शाकाहारी खुशालभाऊ नाकाला रुमाल लावून मासळीबाजारात उभे!

"भाऊ, तुमी तं मासोळी खात नाई," रंभा कोळीण चक्रावली. "मुंडकी कायले पायजेत?"

"मी नाई खात. बादलीत टाकतो. घरी लोकं बोलवाची हायेत."

"किती जन येनार?"

भाऊंनी हिशोब केला.

"वास चांगला सुटला, तं पूर्न गल्ली!"