भरल्या पेल्याला स्थगिती

गांधीबागेतल्या 'तृषाशांती सार्वजनिक न्यासा'चा उद्देश वाटसरूंना पाणी पाजणे हा होता आणि त्यासाठी नऊ विश्वस्त, दोन गट व पाच दावे अहोरात्र कार्यरत होते. एक पाणपोईही होती. मे महिन्यातल्या दुपारी हेमराजने आपल्या ई-रिक्षातल्या कापडाच्या गाठी उतरवल्या, रांजणातून पेला भरला आणि ओठांपाशी नेला. नेमका तेव्हाच कोर्टाचा बेलिफ प्रेमानंद हुकूम घेऊन पोचला.

"थांब गा! हलू नोको. न्यासाची सारी मालमत्ता 'जैसे थे' ठेवाचा ऑर्डर आहे."

"मले तहान लागून राहिली न जी! घसा पार सुकला."

"ऑर्डरमंधी घशाचा उल्लेख नाही."

हेमराज बिचारा पाणी परत ओतायला निघाला, तर पहिल्या गटाचे म्होरके भैय्याजी आडवे आले. ओतलं तर रांजणाची पातळी वाढेल! दुसऱ्या गटाचे सुमंतराव गरजले, पिऊ दिलं तर मालमत्ता नष्ट होईल! अकरा वर्षांत दोन्ही गटांचं प्रथमच एकमत झालं, की हेमराजने हात खाली करू नये. पंचनाम्यात नोंद झाली : पेला एक, पाऊण भरलेला, हेमराजसह.

मग दोन्ही गटांच्या वकिलांच्या ध्यानात आलं, की शेहेचाळीस अंशांच्या उन्हात पाण्याची वाफ होते आहे. हा तर आदेशाचा उघड भंग! सूर्य पक्षकार नसल्यामुळे नोटीस हेमराजवर बजावली गेली. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब पेल्यात टपकला, तेव्हा न्यासाच्या मालमत्तेत विनापरवानगी भर घातल्याबद्दल दुसरी. शेवटी पेल्यावर झाकण आलं, झाकणावर सील आलं आणि सीलवर दोन्ही गटांच्या सह्या आल्या.

"पुढची तारीख कधी हाय जी?" हेमराजने कसंबसं विचारलं.

"अठरा जुलै. तोवर पाणी-पाऊस लागते, तहानबी कमी होते," प्रेमानंदने मायेनं समजावलं.

हेमराजचे डोळे पांढरे व्हायला लागले. भोवती तोबा गर्दी जमली. प्यावं म्हणणारे एकीकडे, ओतावं म्हणणारे दुसरीकडे. मोबाइल उंचावले, कायद्याची कलमं निघाली, एकमेकांच्या खानदानाचा उद्धार झाला. भांडून भांडून सगळ्यांचे घसे कोरडे पडले, तसा जो तो आपल्या पिशवीतून बाटली काढून घटाघटा पाणी प्यायला आणि पुन्हा भांडायला लागला.

हेमराज त्या बाटल्यांकडे बघत होता. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयाची स्थगिती नव्हती.

वाचकहो, प्यावं की ओतावं, याचा निकाल तुम्हीही एव्हाना मनात लावलाच असेल. तुमची बाटली कुठं होती?