सुकरूजी आणि गावभरच्या पिसवा

सुकरूजी कोणाच्याही घरी गेले की माणसांना रामराम घालायच्या आधी कुत्र्याची शेपटी उचलतात. कुत्रा नसला तर मांजराची. शेपटीच्या बुडाशी केस फाकवायचे, तिथली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकायची आणि ती तांबूस झाली की फडकं घरधन्याच्या नाकासमोर धरायचं. "पाय ना इकडं, हे रगत हाय. पिसवायनं पेलेलं. अन् तू मजेत चहा पिऊन राहिला."

हे आमचे शेजारी. एकटे राहतात, डोंगा वल्हवत वैनगंगेत मासे धरतात आणि उरलेला वेळ गावावर चिडतात. एकदा आमचं मांजर निजतं म्हणून सासूबाईंची गोधडी त्यांनी न विचारता उकळत्या पाण्यात घातली. "मांजरीले औषध लावून काय होते? अंडे तं तुमच्या गोधडीत हायेत." सासूबाईंनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सुकरूजींनी उभ्याउभ्या सगळं ऐकून घेतलं आणि गोधडी पिळून दोरीवर टाकली.

तेव्हा मला त्यांचा फार राग यायचा. पुढे गल्लीचा त्याहून जास्त आला.

गल्लीतल्या काळू कुत्र्याचे कमरेमागचे केस गेले. दिवसभर तो स्वतःलाच चावत बसायचा. लोकांनी ठरवून टाकलं, खरूज. एका शेजाऱ्याने ट्रॅक्टरचं जळकं ऑईल त्याच्या अंगावर ओतलं. सुकरूजींनी शिव्या देत देत साबणाने ते काढलं. "खरूज नाही, येड्यायहो. याले पिसू सोसत नाही. एक चावली का सारं अंग पेटते. ढोरायच्या डॉक्टरनं सांगतलं. आपापले गुरायचे कोठे झाडा, गोणपाटं उन्हात टाका."

एकाही घराने गोणपाट हलवलं नाही. पोरांना होईल, कुत्रा नदीपार सोडा, हा ठराव मात्र लगेच झाला. डोंगा सुकरूजींचाच. "सोडता का त्याच्या भातात इष घालू?" असं एकाने त्यांना तोंडावर विचारलं.

दुसऱ्या सकाळी ते काळूला डोंग्यात घालून घेऊन गेले आणि एकटे परतले. त्यानंतर शेपट्या उचलणं बंद, शिव्याही बंद. गल्लीला बरं वाटलं. माझं डोकं फिरलं. एवढा भांडखोर माणूस नेमका तिथेच कसा गप्प बसला?

उन्हाळ्यात मी बसने पुलावरून पलीकडच्या गावी बहिणीकडे गेले. सकाळी नदीवर गेले तर वाळूत सुकरूजींचा डोंगा. शेजारी सुकरूजी आणि काळू. काळूचं अंग केसांनी भरलेलं, चकचकीत. सुकरूजी त्याला सांगत होते, जाळं कुठे फाटलं, गुडघा कसा ठणकतो, भात कसा करपला. शिवी एकही नाही. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मामाजी, हा तं बरा झाला. घरी काहून आणत नाही?"

"गावात पिसवा हायेत, सूनबाई."

"तुमच्या घरात तं नाहीत ना. तिथं ठेवा."

ते काळूच्या पाठीवरून हात फिरवू लागले. "तिकडं नेलो का तो गल्लीचा होते. जो भात टाकते त्याच्या मांगं जाते. इथं माही वाट पायते."

मी भांडायच्या तयारीत होते. त्याऐवजी काळूची शेपटी उचलून पाहिली.

गावी परतले तर ऑईल ओतणारा दारातच भेटला. "काय वहिनी, तिकडं तो खरजुला दिसला का?"

"मेला," मी म्हणाले आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.