पाच दिवाळ्यांचं उटणं

माणूस भेटला की आमच्या वन्सं त्याचा चेहरा बघत नाहीत, कानामागची जागा बघतात. मग तो प्लंबर असो, सोसायटीचा चेअरमन असो नाहीतर डॉक्टर. "वरवरची आंघोळ आहे," हा निकाल तो जिना उतरायच्या आत लागलेला असतो.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, विजया. लग्न केलं नाही. परळच्या एका प्रसूतिगृहात त्या आया होत्या, नोकरीभर बाळांना आंघोळी घातल्या. निम्मं लालबाग आपल्या हाताखालून गेलंय हे त्या कुणाला विसरू देत नाहीत. मतं मागायला आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी कार्यकर्त्यांदेखत सांगितलं, "तुला मी न्हाऊ घातलंय. फार रडायचास." तो पत्रक न देताच गेला.

दिवाळीत घरातल्या प्रत्येक पुरुषाला उटणं त्याच लावतात. सुटला तो फक्त आमचा निखिल. मी नोकरीला जायची, त्यामुळे तो त्यांच्याच हातावर वाढला. पाच वर्षांपूर्वी जपानला गेला. दर नरकचतुर्दशीला त्यांचा त्याला फोन जातो, सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली का म्हणून, नाहीतर नरक ठरलेला. तो एकदा म्हणाला, "आत्या, इथे सूर्य आपल्या आधी उगवतो." वन्सं म्हणाल्या, "म्हणजे तू आमच्या आधी पोचणार."

यंदा दिवाळीनंतर त्याने आम्हा दोघींना बोलावलं. नवऱ्याला एवढा वेळ विमानात बसवत नाही. वन्संच्या बॅगेत उटण्याचा डबा होता. बेत सरळ होता, पाच दिवाळ्या एका बैठकीत उरकायच्या. निखिलचा नकारही सरळ होता.

"आत्या, मी एकतीस वर्षांचा आहे."

"तू असशील. पाठीला काय कळतंय?"

दोन दिवस हेच चाललं. मग त्याने आम्हाला आरामासाठी शहराच्या टोकाच्या एका उपनगरात नेलं. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. गल्ल्या झाडलेल्या, माणूस दिसत नाही, एक आजोबा कुंड्यांना पाणी घालत होते तेही आवाज न करता. वन्संनी दबक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं काय गो इथे?"

झरे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कोकणातलं गरम पाण्याचं कुंड होतं, काठावर सगळं घर बसलेलं. डबा त्यांनी गुपचूप पिशवीत घातला. स्नानगृहात पोचलो तर दोन पडदे, निळा पुरुषांचा, लाल बायकांचा. वन्सं निखिलच्या मागोमाग निळ्याकडे निघाल्या. काउंटरवरची बाई आडवी आली आणि वाकली. वन्संही वाकल्या. ती पुन्हा वाकली. हे होईपर्यंत निखिल आत गेला होता.

"मग मी इथवर आले कशाला?" वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं.

आत अंगावर काही ठेवायचं नसतं. मी टॉवेल धरून उभी राहिले. वन्संनी सगळ्या बायकाच असल्याची खात्री केली आणि साडी घडी घालून टोपलीत ठेवली. मोठ्या हौदात उतरण्याआधी नळाशी स्टुलावर बसून अंग घासायचं, असा तिथला नियम. तो त्यांना पटला. पण त्या मांडीवर डबा घेऊन नुसत्याच बसून राहिल्या.

मग म्हणाल्या, "पाठ कर इकडे."

मी म्हटलं, मला कशाला, माझी साठी आली.

"निक्याच्या वेळी चाळीस दिवस तुला न्हाऊ घातलं. मग तू कामाला लागलीस. राहूनच गेलं."

मी पाठ केली. त्यांनी पाच दिवाळ्या कसून वसूल केल्या. शेजारच्या जपानी आजी हात थांबवून बघत होत्या.

डब्यात थोडं उरलं. मी म्हटलं, "वन्सं, आता तुम्ही फिरा." मला काय करायचंय, मी रोज घासते, कुणाचा हात लागायला मी काय बाळ आहे, असं बोलता बोलता त्या फिरल्या.

एवढ्या वर्षांत ती पाठ मी कधी पाहिली नव्हती. अगदी एवढीशी होती.